पडदा काळा कां पडतो?

लिनक्सवर चालणारा संगणक. त्यांत एनव्हिडिया कंपनीचें ग्राफिक्स कार्ड. आणि त्या कार्डासाठीं कंपनीनें स्वतः तयार केलेला ड्रायव्हर नुकताच बसविलेला. संगणक बंद करून पुन्हां चालू केला, कीं आरंभीं निर्मात्याचें चिन्ह दिसतें, क्षणभर कांहीं अक्षरें भराभर सरकतात, आणि मग पडदा काळा होतो तो काळाच राहतो. माणूस पांच मिनिटें वाट पाहतो, कळ दाबून यंत्र बंद करतो, पुन्हां लावतो, पुन्हां तेंच. प्रबंधाचें शेवटचें प्रकरण त्या यंत्रांत, घरच्या लग्नाचीं छायाचित्रें त्या यंत्रांत, दुकानाचा वर्षाचा हिशेब त्या यंत्रांत; आणि समोर धुतलेल्या पाटीसारखा कोरा पडदा. अशा वेळीं मन घाबरें होतें, आणि घाबरलेला माणूस नेमकें करूं नये तें करतो. पेनड्राइव्ह लावून तो सगळी व्यवस्था मुळापासून नवी बसवावयास घेतो, आणि त्या गडबडींत सबंध डिस्क पुसून टाकण्याच्या पर्यायावर त्याचें बोट पडतें. ड्रायव्हरनें त्याचें एक अक्षरही गमाविलेलें नव्हतें. गमाविलें तें या उपायानें.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावयाची ती ही, कीं काळा पडदा म्हणजे मेलेला संगणक नव्हे. बिघडलेला असतो तो फक्त चित्र दाखविणारा भाग. डिस्क शाबूत असते, तिच्यावरील कागदपत्रें शाबूत असतात, इतकेंच नव्हे तर पुष्कळदां त्या काळ्या पडद्याच्या मागें सारी व्यवस्था सुरळीत चालू असते. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या तीन कळा एकदम दाबाव्या. बहुधा अक्षरांचा साधा पडदा उघडतो आणि नांव व परवलीचा शब्द विचारतो. तेवढें दार उघडलें म्हणजे निम्मी भीति गेली.

तें न उघडलें, तर संगणक सुरू होण्याच्या वेळींच अडवावा लागतो. ग्रब या नांवाची एक यादी त्या वेळीं उपलब्ध असते. उबुंटूमध्यें ती आपण होऊन दिसत नाहीं, पण एस्केप किंवा जुन्या यंत्रांवर शिफ्ट ही कळ योग्य क्षणीं दाबली असतां पुढें येते. प्रगत पर्यायांच्या खालीं तेथें मागील कर्नलचें नांव सांपडतें. तो निवडला असतां काल चालत होतें तसें यंत्र आज चालूं लागल्याचा अनुभव पुष्कळांस येतो. त्याचाही उपयोग झाला नाहीं, तर यादींतील ओळीवर 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दानें सुरू होणारी ओळ शोधावी, आणि तिच्या अखेरीस 'नोमोडसेट' हा शब्द व त्यापुढें एक जागा सोडून ३ हा आंकडा लिहून कंट्रोल-एक्स दाबावें. शब्दानें कर्नल पडद्याची मांडणी बदलण्याच्या भानगडींत पडत नाहीं, व आंकड्यानें चित्रमय पडदा सुरूच होत नाहीं. हा फेरफार एका वेळेपुरता असतो. पुढच्या वेळीं आपोआप नाहींसा होतो. आंत शिरल्यावर दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं एकच काम करावयाचें: गमावणें परवडणार नाहीं तें सर्व दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावयाचें. (पुढें ज्या आज्ञांचीं नांवें उच्चाराप्रमाणें दिलीं आहेत, त्या टंकतांना अर्थात् इंग्रजी लिपीच्या लहान अक्षरांत टंकावयाच्या.)

आतां हा प्रकार एनव्हिडियाच्याच कार्डांत इतका वारंवार कां व्हावा? इंटेल आणि एएमडी या कंपन्यांचीं कार्डेंही लिनक्सवर चालतात; तीं वापरणारास ड्रायव्हर बसविणें म्हणजे काय हें बहुधा ठाऊकही नसतें. या भेदाचें मूळ कर्नलच्या घडणींत आहे.

कर्नल म्हणजे व्यवस्थेचा गाभा. १९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें तो लिहावयास आरंभ केला, आणि आज जगांतील हजारों लोक त्यांत भर घालीत असतात. सुमारें नऊ ते दहा आठवड्यांनीं त्याची नवी आवृत्ति निघते. बाहेरच्या कार्यक्रमांशीं कर्नल जो व्यवहार करतो, तो मोडावयाचा नाहीं असा त्याच्या कर्त्यांचा कडक दंडक आहे. पण कर्नलच्या आंतील भाग एकमेकांशीं जो व्यवहार करतात, त्याविषयीं असें कोणतेंही वचन दिलेलें नाहीं. उलट, तसें वचन देणेंच चुकीचें ठरेल, अशी भूमिका ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एकानें लिहिलेल्या निवेदनांत स्पष्ट मांडलेली आहे, व तें निवेदन कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांतच समाविष्ट आहे.

यास घराचा दृष्टांत लावून पहावा. घराच्या चौकटीचें माप दर दोन-अडीच महिन्यांनीं थोडेंबहुत बदलतें. घरांतलेच जे सुतार आहेत, ते चौकट हलली त्याच दिवशीं आपापल्या कवाडांना रंधा मारून घेतात. इंटेल व एएमडी यांचे ड्रायव्हर कर्नलच्याच ग्रंथांत लिहिलेले असल्यामुळें ते या घरांतल्या सुतारांसारखे. एनव्हिडियाचें कवाड मात्र बाहेरच्या कारखान्यांत बनतें, आणि त्याचा मोठा भाग दीर्घकाळ अशा रीतीनें मोहोरबंद होता, कीं घरांतील कोणासही तो उघडून पाहतां येत नसे. कंपनी त्याभोंवतीं पातळसा उघडा पदर लावून देते. तो पदर वापरणाराच्या यंत्रावर, त्याच्या यंत्रांतील कर्नलच्या मापानें, पुन्हां शिवून घ्यावा लागतो. हें शिवणकाम चुकलें, राहून गेलें किंवा दुसऱ्याच मापाचें झालें, कीं कवाड बसत नाहीं. या अंतरायावरून जो वाद झाला तो मोठा कडवट होता. २०१२ सालीं फिनलंडमधील आल्टो विद्यापीठांत बोलतांना टोरवाल्ड्स यानें भर सभेंत या कंपनीला उद्देशून बोट दाखवून शिवी हासडली. त्याचें चलचित्र जगभर फिरलें. शिवीनें ड्रायव्हर सुधारत नाहीं हें खरें. पण काळ्या पडद्यासमोर रात्र काढलेल्या पुष्कळांस ती आपलीच वाटली.

या ड्रायव्हरचे दोन भाग असतात, हेंही येथेंच समजून घेतलें पाहिजे. एक भाग कर्नलच्या आंत जाऊन बसतो. त्यास मॉड्यूल म्हणतात. दुसरा भाग बाहेर राहतो. खेळ, चित्रकामाचे कार्यक्रम व मोठालीं गणितें करणारे कार्यक्रम त्याच्यामार्फत कार्डाशीं बोलतात. दोन्ही भाग तंतोतंत एकाच आवृत्तीचे असावे लागतात. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिली असतां दोघांचें सूत जुळलें आहे कीं नाहीं हें तत्काळ कळतें: जुळलें असेल तर कार्डाचें नांव, तपमान व स्मृतीचा वापर यांचा तक्ता उमटतो. ड्रायव्हर आणि त्याचें ग्रंथालय यांच्या आवृत्त्या जुळत नाहींत अशी तक्रार उमटली, तर बहुतेक वेळां इतकेंच घडलेलें असतें, कीं संगणक चालू असतांना नवी आवृत्ति उतरली, बाहेरचा भाग बदलला आणि आंतला जुनाच अजून कामावर आहे. संगणक एकदां बंद करून चालू करणें हाच यावर इलाज. एवढ्यासाठीं सारी व्यवस्था उपसून काढणारे लोक आहेत.

ड्रायव्हरशीं संपर्कच होत नाहीं, असें उत्तर आलें तर मात्र मॉड्यूल आंत गेलेलेंच नाहीं. तें कां गेलें नाहीं, हा खरा तपास.

सर्वांत आधीं शिवणकामाकडे पहावें. डेबियन व उबुंटू यांवर हें काम बहुधा डीकेएमएस नांवाची योजना करते. फेडोरावर, आरपीएम फ्यूजन या भांडारांतून ड्रायव्हर घेतला असेल तर, एकेमॉड्स करते. नवा कर्नल आला, कीं त्याच्या मापाचें मॉड्यूल तिनें मुकाट्यानें शिवून ठेवावें अशी अपेक्षा असते. यासाठीं कर्नलच्या मापाचें टिपण लागतें. त्यास हेडर्स म्हणतात, व तें निराळें बसवावें लागतें. कर्नल नवा आला आणि त्याचे हेडर्स आलेच नाहींत, तर शिंप्यापाशीं कापड आहे पण माप नाहीं अशी गत होते. 'यूनेम -आर' ही आज्ञा चालू कर्नलचें पूर्ण नांव सांगते, आणि 'डीकेएमएस स्टेटस' ही आज्ञा कोणकोणत्या कर्नलसाठीं मॉड्यूल तयार आहे हें सांगते. दोन्ही ओळी शेजारीं ठेवून वाचाव्या. पहिलींतील नांव दुसरींत नसेल, तर चोर सांपडला: त्याच कर्नलचे हेडर्स बसवावे व मॉड्यूल पुन्हां बांधून घ्यावें. हेडर्स असूनही बांधणी अर्ध्यावर मोडत असेल, तर तिची नोंद डीकेएमएसच्या कोठारांत 'मेक डॉट लॉग' या नांवानें ठेवलेली असते. ती वाचतांना शेवटची ओळ न पाहतां पहिली चूक कोठें झाली तें पहावें. पुढच्या शंभर ओळी बहुधा त्या एका चुकीचाच आक्रोश असतो. कर्नल अगदीं नवा आणि ड्रायव्हर जुना असला, तर येथें दुरुस्ती आपल्या हातीं नसते. ड्रायव्हरची नवी आवृत्ति येईतों मागील कर्नलवरच रहावें.

फेडोरा वापरणारांची एक निराळीच गंमत आहे. तेथें बसविण्याची आज्ञा संपली असें दिसतें, तरी मॉड्यूल बांधण्याचें काम पाठीमागें कांहीं मिनिटें चालूच असतें. उतावळा माणूस लगेच संगणक बंद करून लावतो, आणि अर्धवट शिवलेलें कवाड घेऊन काळ्या पडद्यासमोर बसतो. चहा करून प्यावा, मग 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' असें विचारावें (यांतील 'एफ' तेवढा मोठ्या अक्षरांत टंकावयाचा). आवृत्तीचा आंकडा उमटला म्हणजे काम पुरें झालें.

दुसरें भांडण नूव्होशीं. नूव्हो हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ 'नवा'. कंपनी माहिती देत नाहीं म्हणून स्वयंसेवकांनीं कार्डाच्या वर्तनावरूनच त्याचें व्याकरण शोधून काढलें व हा उघडा ड्रायव्हर लिहिला. २०१० सालीं निघालेल्या २.६.३३ या कर्नलमध्यें तो दाखल झाला. तो घरांतलाच असल्यामुळें सर्वांच्या आधीं कार्डापाशीं पोंचतो, आणि एका कार्डाचे दोन धनी होऊं शकत नाहींत. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा सध्यां कार्ड कोणाच्या ताब्यांत आहे तें सांगते. तेथें नूव्होचें नांव दिसलें, तर त्यास मज्जाव करणारी ओळ 'मॉडप्रोब' च्या नियमांत लिहावी लागते. हें बहुतेकांस कोणी ना कोणी सांगतो. सांगावयाचें राहतें तें पुढचें: संगणक सुरू होतांना आरंभीं लागणाऱ्या सामानाचें एक गाठोडें आधींच बांधून ठेवलेलें असतें, आणि नूव्हो त्या गाठोड्यांतही असूं शकतो. तें गाठोडें नव्यानें बांधलें नाहीं, तर मज्जावाची ओळ वाचण्यापूर्वींच नूव्हो आंत येऊन बसलेला असतो. उबुंटू-डेबियनवर 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' आणि फेडोरावर 'ड्राकट --फोर्स' या आज्ञा तें काम करतात. याच्या उलट प्रकारही घडतो. त्रासून एखादा कंपनीचा ड्रायव्हर काढून टाकतो, पण नूव्होवरील मज्जाव उठवावयास विसरतो. मग कार्डास कोणीच धनी उरत नाहीं.

तिसरें कारण सर्वांत फसवें, कारण त्यांत सर्व कांहीं बिनचूक झालेलें असतें. मॉड्यूल बांधलें गेलें, जागेवर ठेवलें गेलें, नूव्हो बाजूस झाला. तरी कर्नल त्यास आंत घेत नाहीं. येथें दरवान आहे तो सिक्युअर बूट. २०१२ पासून विंडोज ८ बरोबर येणाऱ्या संगणकांत ही व्यवस्था सार्वत्रिक झाली: आरंभीं चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर ओळखीच्या माणसाची मुद्रा असली पाहिजे, नाहीं तर प्रवेश नाहीं. घरच्या यंत्रावर नुकत्याच शिवलेल्या मॉड्यूलवर अशी मुद्रा कोठून असणार? म्हणून ड्रायव्हर बसवितांना व्यवस्था एक नवी किल्ली तयार करते, तिनें मॉड्यूलवर मुद्रा उठविते, आणि वापरणाराकडून एक तात्पुरता परवलीचा शब्द घेते. पुढच्या वेळीं संगणक सुरू होतांच एक निळा पडदा येतो व ही किल्ली यंत्राच्या दप्तरीं नोंदवावयाची काय, असें इंग्रजींत विचारतो. हा पडदा कांहीं सेकंदच थांबतो. माणूस त्या वेळीं दुसरीकडे पाहत असतो. किंवा निळा पडदा म्हणजे अपघात असें विंडोजवर शिकलेला असल्यामुळें घाबरून पुढें चालण्याचीच कळ दाबतो. किल्ली नोंदविली जात नाहीं. पुढें मॉड्यूल हातानें घालूं गेल्यास किल्ली नाकारली गेल्याचा संदेश येतो. तो संदेश दिसला म्हणजे इतरत्र शोधण्याचें कारण नाहीं. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' या आज्ञेनें दरवान जागा आहे कीं नाहीं हें कळतें. त्याच कार्यक्रमानें किल्ली पुन्हां नोंदणीस ठेवतां येते, आणि या खेपेस निळ्या पडद्यावर 'एनरोल मोक' हा पर्याय निवडून तोच परवलीचा शब्द द्यावा. तो शब्द साध्या अक्षरांचा व आंकड्यांचा असावा, कारण त्या पडद्यावर कळफलकाची मांडणी अमेरिकन धर्तीची असते आणि निराळीं चिन्हें भलत्याच जागीं सांपडतात.

सिक्युअर बूट बंदच करून टाका, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चालतो, यांत शंका नाहीं. पण दरवानास घरीं पाठविणें ही किल्ली बनविण्याची रीत नव्हे. शिवाय ज्या यंत्रांत विंडोजही आहे व त्याची डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद आहे, तेथें हा बदल करतांच विंडोज ४८ अंकी पुनःप्राप्तीची किल्ली मागूं शकतें. ती हातीं नसेल तर एका ड्रायव्हरपायीं दुसऱ्या बाजूचीं सर्व कागदपत्रें कुलपाआड अडकतात. तो अंक आधीं लिहून घेतल्याखेरीज त्या खटक्यास हात लावूं नये. उबुंटूची स्वतःची ड्रायव्हर निवडणारी व्यवस्था बहुधा आधींच बांधलेलें व मुद्रांकित मॉड्यूल देते, त्यामुळें तेथें हा सारा प्रसंग टळतो.

पुष्कळ रोगांचें मूळ दोन वैद्यांच्या औषधांत असतें. कंपनीच्या संकेतस्थळावरून '.रन' या शेपटीची फाइल उतरवून घ्यावयाची आणि चालवावयाची, ही विंडोजची सवय. तो मार्ग खोटा नाहीं; पण ती फाइल ज्या जागीं आपलें सामान ठेवते, त्याची नोंद उबुंटूच्या किंवा फेडोराच्या कोठारवहींत होत नाहीं. पुढें त्या कोठारांतून दुसरी आवृत्ति आली, कीं निम्में सामान एकाचें व निम्में दुसऱ्याचें. असें झालें असेल तर त्या फाइलीनेंच दिलेला 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' हा कार्यक्रम चालवून तिचें सामान आधीं निःशेष उचलावें, मग कोठारांतील ड्रायव्हर निर्मळ जागेवर बसवावा. अनोळखी माणसानें दिलेल्या चार ओळी न वाचतां सर्वाधिकारानें चालविणें हा तर विषाचा प्रयोग. ज्या ओळींत पुसून टाकण्याची आज्ञा आहे, तिचा अर्थ कळल्यावांचून ती टंकूं नये.

उरतो प्रश्न कार्डाच्या वयाचा. दर ड्रायव्हर दर कार्डास चालत नाहीं. फर्मी घराण्याचीं कार्डें ३९० या शाखेपाशीं थांबलीं, केप्लर घराण्याचीं ४७० पाशीं. आणि मॅक्सवेल, पास्कल व व्होल्टा या घराण्यांस ५८० ही शेवटची शाखा, असें कंपनीनें २०२५ सालीं जाहीर केलें. जीटीएक्स १०६० सारखें अद्याप हजारों घरांत राबणारें कार्ड या शेवटच्या यादींत येतें. दुसऱ्या टोकास, मे २०२२ मध्यें कंपनीनें आपल्या मॉड्यूलचा उघडा ग्रंथ प्रसिद्ध केला. वादाला मिळालेलें तें उशिराचें, पण खरें उत्तर. मात्र हें उघडें मॉड्यूल ट्युरिंग व त्यानंतरच्या घराण्यांनाच लागू पडतें, आणि २०२५ सालच्या ब्लॅकवेल कार्डांस तर तेंच लागतें, बंद मॉड्यूल चालतच नाहीं. कोठारांत दोन्ही प्रकार शेजारीं ठेवलेले असतात व नांवांत 'ओपन' या एका शब्दाचाच फरक असतो. जुन्या कार्डास उघडें मॉड्यूल किंवा नव्यास बंद मॉड्यूल बसविलें, तर सारी शिवण बिनचूक होऊनही पडदा काळाच. 'जर्नलसीटीएल -के -बी' या आज्ञेनें कर्नलची रोजनिशी उघडली असतां हें कार्ड या ड्रायव्हरच्या कक्षेंत येत नाहीं असें स्वच्छ लिहिलेलें सांपडतें.

लॅपटॉपमध्यें बहुधा दोन ग्राफिक्स यंत्रें असतात, एक इंटेल वा एएमडीचें आणि एक एनव्हिडियाचें. तेथें पडदा काळा न पडतां खेळ मात्र संथ चालतो, कारण तो चुकीच्या यंत्रावर चाललेला असतो. उबुंटूवर 'प्राइम-सिलेक्ट' ही आज्ञा कोणतें यंत्र कामावर आहे तें सांगते व बदलते. वेलँड या नव्या पडदा-पद्धतीवर चित्र लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर ५५५ किंवा त्यानंतरचा आहे कीं नाहीं तेवढें पहावें. २०२४ सालच्या त्या आवृत्तींत तें दुखणें बव्हंशीं दूर झालें.

सर्व उपाय थकले, तरी परत फिरण्याची वाट असते. कंपनीचा ड्रायव्हर निखालस काढावा, नूव्होवरील मज्जाव उठवावा, आरंभीचें गाठोडें पुन्हां बांधावें आणि संगणक चालू करावा. खेळ मंदावतील, मोठीं गणितें त्या कार्डावर चालणार नाहींत. पण पडद्यावर चित्र येईल, आणि प्रबंधाचें शेवटचें प्रकरण होतें तेथेंच सांपडेल.